बिल नंबर ४१७

मुर्तुझाभाई विचारतात, वजन किती उचलायचंय?
जालन्याच्या या दुकानात सगळे वजन सांगूनच माल नेतात:
विहिरीतला गाळ, ट्रॉलीभर मोसंबी,
चारशे फुटांवरून वर ओढायची बोअरची मोटार.
मी म्हणते, वजन नाही भाई. वारा.
ते चष्मा कपाळावर सारतात.

नाथसागरावर आमची होडी आहे, लहानच,
ताडपत्रीचं शीड, निलगिरीची डोलकाठी.
गेल्या आषाढात कायगावकडून झोत आला
आणि काठी भुजंगमामाच्या खांद्यावर आडवी झाली.
दोर तुटला नव्हता. काठी मोडली नव्हती.
एक शॅकल, अंगठ्याएवढा, आरशासारखा,
मीच पसंत केलेला, चकाकतो म्हणून,
कानातल्या बाळीसारखा उघडला होता.
मामा मला काही बोलला नाही.
तो आता डाव्या हातानं जाळं फेकतो.

मी डेपोत फिटर. एसटीच्या पाट्यांचे यू-बोल्ट आवळते,
पन्नास माणसं आणि त्यांची बोचकी किती भरतात
मला हाताला कळतं.
पण वारा तिकीट काढून चढत नाही.

दुकानात चहाला थांबलेला बोअरवाला हरिबा
तारेचा तुकडा उचलून माझ्यासमोर वळसा घालतो.
क्लॅम्पचं बूड कामाच्या तारेवर ठेव बाई,
यूचा विळखा उरलेल्या टोकाला.
उलटं लावलंस तर क्लॅम्पच तार खातो.
अन् दोनात भागत असलं तरी तीन लाव.
हे तो इतक्या हळू सांगतो
जसं पलीकडं कुणी बाळ झोपलंय.

भाई विचारतात, शॅकल कशात अडकवणार?
पट्टीत.
पट्टी?
बोल्टात.
बोल्ट?
फळीत.
फळी कशाची?
बाभळीची. मामानं स्वतः बघून आणलेली.
हां, म्हणतात, मग बोलू.

खालच्या खणातून निघतो एक राखाडी, खरबरीत,
अंगावर टनाचा आकडा ठोकलेला,
लग्नात कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा.
किंमत तिप्पट. मी मनात सिलिंडर मोजते,
पोराची फी मोजते,
मग मामाचा खांदा आठवतो आणि मोजणं सोडते.
चार द्या.
तीन ताणांना तीन, एक खिशात.

पिनेच्या भोकातून बारीक तार ओवून बांध,
भाई कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणतात,
पाण्यावर सगळं हळूहळू उघडतं.

त्यांच्या वहीत एक रकाना आहे, माल कशासाठी.
वर विहीर, विहीर, ट्रॉली, मंडप, विहीर.
पेन थांबतं. शाई उतरत नाही म्हणून झटकतात.
मग लिहितात: वारा.

रविवारी भर पाण्यात
वाऱ्यानं शीड पोटासारखं फुगवलं
आणि तिन्ही तारा बारीक आवाजात बोलायला लागल्या.
मी पट्टीकडे बघत बसले, बोल्टाकडे, फळीकडे,
पुन्हा पट्टीकडे.
मामानं तारेवर बोट मारलं, कान दिला.
अर्धा आटा अजून, म्हणाला.
मी पाना घेतला.