टवका

मुखपृष्ठ नाही. शेवटची पानं वाळवीनं नेली.
खजुरी बाजारात रद्दीच्या भावात मिळालं:
कुणा सुगरणीच्या पाककृती,
इथंच, इंदूरच्याच कुठल्याशा छापखान्यातल्या.

मुलानं पाऊण तासात फोटो काढले.
मोबाईलनं अक्षरं ओळखली, नवी मांडली.
"झालं, बाबा. आता बोरू कशाला?"

मी सियागंजात हकीमभाईंकडून जाड कागद आणला.
तीस वर्षं निगमात नकाशे काढलेला हात;
अजून गटाराची रेघसुद्धा सरळ येते.

रोज एक पान.
शाई जिथं फुटली, तिथं फुटू द्यायची.

बाराव्या पानावर एक ळ भेटला,
डाव्या पोटाचा टवका उडालेला.
विसाव्यावर पुन्हा तोच.
अठ्ठाविसाव्यावर, 'डाळ निवडावी' मध्ये,
अरे, तूच की!
तेव्हा कळलं. आठ पानं छापायची,
खिळे सोडवायचे, धुवायचे, घरात टाकायचे,
मग पुढची आठ जुळवायची.

हिंदी छापखाना असणार, ळ किती ठेवणार?
मूठभर मागवले असतील मुंबईहून.
आणि बाईंनी नेमका काढावा कोहळा!
छत्तिसाव्या पानावर, तिसऱ्या ओळीत,
त्या जुळाऱ्यानं शेवटचा लावला तो टवक्याचा.
घरात बोटं फिरवली असतील, कोपऱ्यांतून सुद्धा.
मग पुढं:
कोहला पिलून घ्यावा.
नारल खवावा.
गुल वितलू द्यावा.

मोबाईलमध्ये सगळे ळ जागच्या जागी.
यंत्रानं विचारलंही नाही,
त्या रात्री दिव्यात तेल किती होतं.

माझ्या बोरूत ळ हवे तेवढे आहेत.
तरी मी ल काढतो,
त्यानं काढला असेल त्याहून जपून.
आपली चूक आपोआप होते;
दुसऱ्याची तशीच उतरवायला
श्वास धरून बसावं लागतं.

संध्याकाळी ओजस येतो, नातू, दुसरीतला.
मराठी वाचायची म्हटलं की पळणारा.
टेबलाला हनुवटी टेकून, बोट ठेवून वाचतो:
"गुल वितलू द्यावा."
कुठंही अडखळत नाही.
"आजोबा, हे तर सोपंय!"

दुरुस्त करायला तोंड उघडतो मी.
मग एवढंच म्हणतो:
बोट उचल, बाळा, शाई ओली आहे.