ड्रायरचा डोळा

चोपन्न सालची ब्युइक. डिकीत सामान मावायचं नाही,
तिथं थंडीचा कारखाना: पंखे, कॉइल, पत्र्याची पेटी.
मागच्या सीटच्या पाठीमागून दोन नळ्या वर जायच्या,
काचेसारख्या आरपार, थेट छतापर्यंत,
आणि गार हवा उतरायची मालकाच्या मानेवर.
ड्रायव्हर तातोबा पुढं.
त्याच्या पायाशी इंजिनाची धग.

सांगलीच्या मार्केट यार्डामागं, हळदीच्या गोदामाला लागून
दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज.
एरवी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची कामं यायची.
एप्रिलात ही आली, टोचन करून,
बंपरवर पिवळी पूड घेऊन.

काँप्रेसरला क्लच नव्हताच.
इंजिन फिरलं की तोही फिरणार, गरज असो नसो.
"दिवाळी झाली की अण्णा पट्टाच काढून ठेवायचे,"
तातोबा म्हणाला, "खुंटीला, छत्रीशेजारी."

उस्ताद मला म्हणाले,
"थंडी कुठं तयार हुईत न्हाई, पोरा.
आतली उष्णता उचलायची, भाईर नेऊन टाकायची.
हमाली हाय ही. गॅस म्हंजे हमाल."
मग ड्रायरवरची गोल काच पुसली.
डोळा म्हणायचे तिला.
"फेस दिसला तर गॅस कमी.
फेस न्हाई, काच निवळ, तर दोन अर्थ:
पुरतं भरलंय,
न्हाईतर पुरतं संपलंय.
पायपाला हात लावून बघायचं."

तीन दिवस साबणाच्या पाण्यानं गळती शोधली.
सापडली ती एका वायसरात,
बोटाच्या नखाएवढ्या.

चौथ्या दिवशी पद्मावतीअक्का आल्या.
आवटी अण्णांना जाऊन दोन महिने झालेले.
मागं बसल्या, डाव्या कडेला,
उजवी जागा मोकळी सोडून.
तातोबानं किल्ली फिरवली.
नळ्यांतून पांढरं धुकं चढलं,
त्यांचा पदर जरासा हलला.
चेहरा निवळ.

उस्ताद बोळ्यानं हात पुसत राहिले,
पुसून झाले तरी.
मी बिल घेऊन पुढं झालो
तर माझं मनगट धरलं
आणि तातोबाला खूण केली:
चालू राहू दे.

पेट्रोलचा काटा उतरत होता.
मागच्या चाकापाशी थेंब पडायला लागले,
आणि फरशीवरच्या हळदीतून
बारीक वाट काढत पाणी
मोरीकडं निघालं.