एकोणचाळिसावा दिवस

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुल्या मारल्या:
वांगं, मिरची, टमाटा, बटाटा.
एकाच कुळातली चौघं भावंडं म्हणे.
मग धान्य. मग डाळी. मग दूध.
मी विचारलं, कळण्याची भाकर?
त्यांनी नुसतं पेन फिरवलं.

काळ्या मसाल्याचा डबा उंच फळीवर गेला,
वास तरी खाली उतरतोच.
डोक्याला लावायचं खोबरेल
आता कढईत तापतं.
भावेश म्हणतो, मम्मी, भाजीला वेणी घालायची का?

रताळं, सुरण, दुधी, रताळं.
घरात दोन स्वयंपाक नकोत, हे यांचंच म्हणणं.
तिसऱ्या दिवशी
कोपऱ्यावर शेवभाजी खाऊन आले.
मिशीला तर्री होती.
मी बोलले नाही.

भालोदला, शेतात, भरताची पार्टी.
मी डबा नेला होता,
झाकण न उघडण्याच्या तयारीनं.
गुणवंतभाऊ बागेत गेले,
हिरव्या केळ्यांची फणी घेऊन आले,
कपाशीच्या काड्यांच्या जाळात
वांग्यांच्या आधी ती टाकली.
जाऊबाईंनी बडजी दोनदा धुतली.
कांद्याची पात, लसूण, मीठ, तेच खोबरेल.
घशाला चिकटत होतं.
धूर मात्र ओळखीचा.
चौदा माणसांनी एकेक घास घेतला.
छान कुणीच म्हटलं नाही,
त्यानं बरं वाटलं.

रात्री भावेश कुशीत झोपला,
बोटांना वांग्याचा वास.
सकाळी आखडणारी माझी बोटं
त्याच्या बोटांत तशीच ठेवली.
वास घेतलेला चालतो का,
ते कागदावर लिहिलेलं नाही.