पाच थेंब

आमच्या खोलीच्या नळाला समुद्र येतो,
मीठ काढून घेतलेला,
तरी खुन्नस ठेवून असलेला.
आंघोळ झाली की जाळीवर केसांची गुंडाळी बसते.
कुणाची, ते रंगावरून ओळखायचं :
पांढरी माझी, मेंदीची मुनाफभाईंची,
आणि काळीभोर, रोज थोडी मोठी होणारी, निळूची.

निळकंठ धोंडू शेलार, डक्ट फिटर, वय सत्तावीस,
गाव पोलादपूरच्या अलीकडे.
मे महिन्यात मुलगी बघायला जायचं होतं.
आरशासमोर तो रोज हिशेब मांडायचा :
एवढे गेले, एवढे राहिले,
सुट्टीला अजून त्र्याऐंशी दिवस.

मुहर्रकच्या जुन्या बाजारात
मासळीचा वास संपतो नि वेलचीचा सुरू होतो
तिथं हव्वाजचं दुकान. पोती, बरण्या, लोबान, वाळकी लिंबं
आणि एक म्हातारा, ज्याचं हिंदी आमच्याहून बरं.
त्यानं करंगळीएवढी तपकिरी बाटली पुढं सरकवली.
इक्लील अल-जबल.
डोंगराचा मुकुट, त्यानंच फोड करून सांगितलं.
मला हसू आलं.
या बेटावर डोंगर म्हणून जे काही आहे
ते आमच्याकडची शेळी रवंथ करत चढेल.
बाहेर आल्यावर निळू हळूच म्हणाला,
रोझमेरीच की ही, मोबाइलवर पाहिलेली.
साडेतीन दिनार. एका शुक्रवारचा ओव्हरटाइम.

पहिल्या रात्री त्यानं तसंच चोळलं, नुसतं.
डोकं पेटलं.
पहाटे तीनला नळाखाली,
त्याच वैरी पाण्याखाली तो वाकलेला
आणि आम्ही टॉवेल धरून भोवती,
बाळंतिणीच्या दाराशी जमल्यासारखे.
शाजीनं कपाळाला हात लावला, मग खोबरेलाला :
चमचाभर हे, पाच थेंब ते.
पाच, वेड्या. पाचच.

त्यानंतर बाटली एकट्याची राहिली नाही.
मुनाफभाई तिळाच्या तेलात घालून गुडघ्याला, इशाच्या नमाजानंतर.
शाजी परातीतल्या ऊन पाण्यात दोन थेंब टाकायचा,
बारा तास बुटात उकडलेले पाय त्यात सोडायचा
आणि मल्याळममध्ये कुणाला तरी माफ करायचा.
सोहनसिंग रुमालाला लावून रात्रपाळीला,
क्रेनवर डुलकी लागू नये म्हणून.
मी संडासाच्या बादलीत.
लाज कसली, खोलीत सातजण आहोत.

वास म्हणाल तर कापराचा चुलतभाऊ,
निलगिरीशी सोयरीक,
आणि मागून काहीतरी हिरवं, खरबरीत,
ज्याला आमच्या बोलीत नाव नाही.
नाव नाही म्हणून आठवणही नाही.
मला तेच बरं वाटायचं.
खोबरेल उघडलं की मुलीची वेणी येते,
कापूर म्हटला की आईचं तेरावं,
ज्याला मी पोचलो नव्हतो.
ह्या तेलामागून कुणीच येत नाही.
डोळे मिटले की एक झुडूप, दगड, वारा.
कुणाचं काही देणं नाही.

केस आले का?
मुनाफभाईंच्या मते आले, डाव्या कानशिलावर.
मला दिसले नाहीत.

मेमध्ये निळू गेला. मुलगी बिरवाडीची, प्रणाली.
ती म्हणे, टक्कल तर फोटोतच दिसलं होतं,
होकार धाडला तो त्याच्यासकट.
हे त्यानं फोनवर सांगितलं, स्पीकर लावून.
शाजीनं परातीवर चमचा बडवला,
शेजारच्या खोलीतून शिवी आली.

निळूच्या हातून मी घरी शाल पाठवली होती.
परवा बायकोचा फोन :
शालीला हा कसला वास? औषधाचा?
म्हटलं, आमच्या खोलीचा.
ती काही बोलली नाही. पंख्याचा आवाज येत राहिला.
मग म्हणाली, धुऊन टाकू ना?
म्हटलं, टाक की.

मुलगी सांगते,
अजून धुतलेली नाही.
उन्हाळ्यातसुद्धा उशाला घेते.