शिवणीतली माया

आरशाकडे बघू नका.
आरसा गिऱ्हाइकाचं मन राखतो, मला ते परवडत नाही.
इथे या, खिडकीच्या उजेडात.
छाती काढून नको,
बसची वाट बघताना उभे राहता ना,
थोडे थकलेले, तसे.

हं. आता दिसलं.

आधी मानेमागे बघते.
कॉलर शर्टाला धरून हवी,
इथे माझी दोन बोटं आरामात जातायत.
खाली पाठीवर ही आडवी चुणी:
कापड तक्रार करतं ते असं, आवाज न करता.
बाही पुढे वळलीय, हात मात्र तुमचा मागे लोंबतो.
कसलं ओझं उचलता?
पियानो?
मग बरोबर. डावा खांदा सेंटिमीटरभर उतरलाय.
तो काही कोटाचा दोष नाही.

बाह्या लांब आहेत, ते सोपं, पाऊण तासाचं काम.
कंबरही घेता येईल,
पण उसवून बघावं लागेल, शिवणीत माया किती ठेवलीय.
इथे त्रिएस्तेत जुने शिंपी दोन बोटं माया सोडत,
माणूस सुटेल, वाळेल, पुन्हा सुटेल
या हिशेबाने.
आता यंत्र काठोकाठ कापतं.
एका दिवसाच्या माणसासाठी कोट.

आणि खांदा...
भिंतीला टेका बरं, कडेने.
बघा, तुमच्या आधी कोट पोचला भिंतीपाशी.

खांदे मी एकदाच उतरवलेत आयुष्यात,
सिल्वेरिओ कोस्माच नावाच्या कारकुनासाठी.
अकरा रात्री.
बाह्या काढल्या, मुंढे नव्याने कापले,
खांदे वर उचलून घेतले. बसले हो, सुरेख बसले,
फक्त खिसे चढले बरगड्यांपाशी
आणि तो बिचारा दोन हिवाळे
हात कुठे ठेवू, हात कुठे ठेवू करत फिरला.

कितीला घेतलात? चाळीस युरो?
माझी मजुरीच नव्वद होईल.
नेवेंका शिंपीण गिऱ्हाईक परत पाठवते म्हणतात ते खरंय.
परत करा हा. एक माप लहान घ्या.

हसता काय?

त्याने उत्तर दिलं नाही.
बटणांच्या डब्यात हात घालून बसलेल्या मुलीला
नुसतं बोटाने बोलावलं. ओन्दीना, पाचेक वर्षांची.
ती आली, त्याच्याकडे पाठ केली,
त्याच्या बुटांवर आपले बूट ठेवले,
रोजचंच असल्यासारखी.
त्याने कोट मिटला.
खालून एक, दोन, तीन बटणं.
चौथ्याच्या फटीतून एक नाक बाहेर.

बाहेर बोरा सुटला होता.
पूर्वी या वाऱ्यात चढावरच्या कोपऱ्यांना दोर बांधत,
माणसांनी धरून चालायला.
शाळा त्या चढावरच आहे.

मी खडू घेऊन उभी.
सवयीने मागे जाऊन पाहिलं:
पाठीवरची चुणी गेलेली,
कॉलर मानेला टेकलेली.
चाळीस वर्षं कोट बघतेय,
आत किती जण आहेत
हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

बरं. काढा कोट, उद्या न्या.
बटणं तेवढी नव्याने लावते,
मेणाच्या दोऱ्याने, देठ लांब ठेवून,
आतून एकेक छोटं बटण आधाराला.
तिसरं आत्ताच लोंबतंय, ओन्दीनाबाई लाथा मारतात वाटतं.
बाह्या राहू देत लांब.
हातमोजे विसरता तुम्ही, बोटं सांगतायत.

तीन हिवाळ्यांत ती मावायची नाही.
तेव्हा या.
कंबर आत घेऊ, कापणार मात्र नाही,
नुसती दुमडून टाके घालीन,
माया आतच राहील.
खांदे तेव्हाही उतरलेलेच असतील, आधीच सांगून ठेवते.

आणि दार जपून उघडा.
वारा हातातून हिसकावतो.