युलोचे प्रश्न

पेइप्सी सरोवर गोठलं की आमच्या धुरीखान्यात
कामापेक्षा बोलणं जास्त.
मी मासे सळईत ओवते, युलो आल्डरची लाकडं फोडतो,
आणि दर सोमवारी, न चुकता, विचारतो:
"काय, काल पाच जणांनी मिळून देव पाहिला का?"

पाच नव्हे, सहा. माइमूही येते,
पण तिला कुणी मोजत नाही.

गुरुवारी रात्री पाळक आर्व्हो आम्हाला शिकवतात,
विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं.
स्टोव्हभोवती खुर्च्या, काळा चहा, माझी चौकटीची वही.
त्यात लिहून घेतलंय:
आधी पूर्ण ऐक. समोरच्याचा प्रश्न
त्याला पटेल असा त्यालाच परत सांगून बघ.
जिंकायला जाऊ नकोस.
'माहीत नाही' हे दोन शब्द
सुट्ट्या पैशांसारखे खिशात ठेव, लागतात.

पहिल्या हिवाळ्यात यातलं मी काहीच पाळलं नाही.
युलोने एक विचारलं की मी अकरा सांगायचे,
विश्वाची सुरुवात, डोळ्याची रचना, हस्तलिखितांच्या तारखा,
धापा टाकत, जणू तो पोलीस आणि मी चोर.
तो कुऱ्हाड टेकवून म्हणायचा,
"लाकूड ओलं आहे गं. नुसता धूर होतोय."

यंदा नाताळानंतर म्हणाला,
"मेलेला माणूस उठला, हे पसरवलं कुणी?
त्याच्याच माणसांनी ना? मग झालं तर."
मी सुरी खाली ठेवली.
"समज, तुला एक थाप मारायची आहे,
सगळ्या गावाने मानावी अशी.
साक्षीला कुणाला उभं करशील?"
"हेडमास्तरला. नाहीतर डॉक्टरीणबाईंना."
"माइमूला?"
तो हसला. माइमूच्या तोंडाला सकाळपासून वोडकाचा वास,
बर्फावर कोल्हे नाचताना पाहिलेत तिने.
"त्या काळी बायकांच्या साक्षीला माइमूच्या साक्षीइतकीच किंमत.
आणि कबर रिकामी आहे हे आधी बायकांनी पाहिलं,
असंच लिहून ठेवलंय. थाप असती
तर एखादा हेडमास्तर शोधला असता की."
युलो बराच वेळ लाकडाची साल सोलत राहिला.
"याने सिद्ध काही होत नाही."
"नाही होत," मी म्हणाले.
वहीत नव्हतं हे. माशांच्या वासात सुचलं.

मग फेब्रुवारीत, दार लावून घेऊन, वर न बघता:
"एकोणपन्नासच्या मार्चमध्ये माझ्या आजीला
सायबेरियाच्या गाडीत चढवलं.
यादीत तिचं नाव घालणारा
तुमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.
त्या रविवारीही वाजवला त्याने.
याला काय लिहिलंय तुझ्या वहीत?"

उत्तरं मला पाठ होती.
माणसाचं स्वातंत्र्य. गव्हातलं तण.
एक तर ओठांवर आलंसुद्धा, तेलकट, तयार.
गिळलं.
"ऑर्गन अजून तोच आहे," मी म्हणाले.
"दर आठवड्याला त्याच्यासोबत गाते मी,
आणि मला हे ठाऊक नव्हतं.
काय नाव होतं त्यांचं?"
"सेन्टा."
मग जरा वेळाने, "कांद्याच्या वेण्या घालायची.
तिच्यासारखी घट्ट वेणी या किनाऱ्यावर कुणाची नव्हती."

रविवारी मी उभी राहिले आणि ते नाव मोठ्याने घेतलं.
आर्व्हो काही बोलले नाहीत.
त्यांनी जाऊन ऑर्गनचं झाकण लावलं,
आणि आम्ही सहा जण तसेच गायलो, बेसूर,
थंडीत तोंडाची वाफ दिसत होती.

युलोला हे माइमूने सांगितलं असणार.
तो चर्चला आला नाही. येईल असंही वाटत नाही.
सोमवारी नेहमीसारखी लाकडं फोडली,
फक्त पाच जणांबद्दल विचारलं नाही.
दुपारी, भट्टीत तोंड घालून, म्हणाला,
"तीन दिवस का पण? उठायचंच होतं
तर दुसऱ्याच दिवशी का नाही?"

मी खिसा चाचपला.
"माहीत नाही. गुरुवारी विचारते."
"विचार," तो म्हणाला,
आणि धूर जावा म्हणून दार पायाने उघडून ठेवलं.