चार सोनेरी अक्षरं

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये बाराशे खोकी,
प्रत्येकात दोन टॉवेल, एक नॅपकिन,
झाकणावर सोनेरी चार अक्षरं: गिफ्ट.
मालक त्या सोन्यावर खूश होते.
मग हॅम्बुर्गहून निरोप आला:
माल उत्तम. शब्द काढा.
आमच्याकडे त्याचा अर्थ विष.

डिस्पॅचचा कारकून मी, शब्द काढणं माझ्याकडे आलं.
पांढऱ्या स्टिकरचे रोल घेऊन सहा जणी बसल्या,
आणि अंबूबाई बोद्दूल, जिचा हात
कारण कळल्याशिवाय चालत नाही, म्हणाली,
टावेलात कसलं विष हो?

रात्री मोबाइलवर वाचलं होतं तेवढं सांगितलं.
मूळ एकच, देणं. इंग्रजांकडे त्याची भेट झाली.
जर्मनीत ती वैद्यानं दिलेली मात्रा,
कारण ग्रीकांचा डोस म्हणजेसुद्धा 'दिलेलं'
(पोलिओचा, खोकल्याचा, साहेब पाजतात तोही).
पुढं औषध कुठंतरी गळून गेलं
आणि शब्दाच्या तळाशी विष राहिलं.
शेजारी हॉलंडात अजून देणगीच,
फक्त शेवटचं अक्षर खाल्लं की विष.
आणि वर स्वीडनमध्ये, म्हटलं,
तोच शब्द विष, आणि तोच शब्द
लग्न झालेली.

मागांच्या खडखडाटावरून हसू उसळलं.
शहाणी आहेत की माणसं, कोणीतरी म्हणालं.
अंबूबाई हसली नाही.
त्यात काय नवल, म्हणाली.
मला कन्ना चौकात दिली, हिला साखर पेठेत.
आमच्यात पिल्लनिच्चिनम्,
निंगव्वाच्या कानडीत हेण्ण कोट्टीवि,
देतातच की सगळे.
गटाचं देणं हाय, बँकेचं देणं हाय,
गळा गोड असला तर देवाचं देणं,
उंदराला देतो ते, जावयाला देतो ते,
आपण तरी शब्द कुठं बदललाय?

माझ्या थोरलीला भिवंडीला दिली होती.

'होती' ती सहज म्हणाली,
स्टिकरखालची हवा अंगठ्यानं काठाकडे ढकलत.
शाळेत मला व्याकरणात पैकीच्या पैकी असायचे.
मी पुढचं खोकं सरकवलं.

संध्याकाळपर्यंत स्टिकर संपले, सात खोकी उरली.
ऊन तिरपं झालं तसं पांढऱ्याखालून
पहिल्या अक्षराचं पोट चमकायला लागलं.
मालक म्हणाले, चालतंय,
तिकडे ऊन कमी असतं.

अंबूबाईनं पदराला हात पुसले.
उरलेल्यातलं एक उचलून, टॉवेल काढून
नीट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवले.
हे काय जात नाही ना आता? मग मला दे.
कशाला, मी विचारलं.
तिचे कागद हैत, म्हणाली. शाळेचे.